भेग आतून पुढे गेलेली असते

झाशीच्या आसपास तीन प्रकारचे लोखंड रोज मार खाते. बुंदेलखंडी ग्रॅनाइट फोडणाऱ्या क्रशरच्या जॉ प्लेटा, रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या मालडब्यांच्या ओतीव बोग्या, आणि विटा-वाळू ओढणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे वेल्ड केलेले हूक. क्रशर, बोगी आणि हूक यांचे धातू वेगळे, कामे वेगळी. पण तिन्ही ठिकाणी धातू तन्य असतो, म्हणजे तुटण्याआधी ताणला जातो, वाकतो, आकार बदलतो. आणि तिन्ही ठिकाणी त्याच्या पोटात थोड्याफार पोकळ्या असतात. अशा धातूत भेग कशी वाढते हे नीट समजले, तर तपासणीच्या आणि दुरुस्तीच्या निम्म्या सवयी बदलाव्या लागतात. आयटीआय किंवा डिप्लोमा करून या कामात उतरलेल्यांसाठी आणि छोटे फॅब्रिकेशन शॉप चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुमचा कारखाना झाशीच्या सिपरी बाजारात असो की कोल्हापूरकडच्या शिरोली एमआयडीसीत, धातूचे वागणे तेच राहते.

काच फुटते तेव्हा भेग एका दमात आरपार जाते. पोलाद तसे फुटत नाही. त्याच्यात मँगनीज सल्फाइडचे, ऑक्साइडचे बारीक कण विखुरलेले असतात. धातू कायमचा ताणला जाऊ लागला की त्याच्याबरोबर हे कण ताणले जात नाहीत. मग कणाभोवतीचा धातू त्याच्यापासून सुटतो, किंवा कणच तुटतो, आणि तिथे एक सूक्ष्म पोकळी तयार होते. ओढ चालू राहिली की पोकळी मोठी होते. शेजारच्या दोन पोकळ्यांमधली धातूची भिंत बारीक होत जाते, मानेसारखी आवळते आणि तुटते. दोन पोकळ्यांची एक होते. तन्य धातूतली भेग म्हणजे अशा जुळलेल्या पोकळ्यांची रांग. १९५९ मध्ये पुटिक या संशोधकाने ताणलेल्या तांब्याच्या सळ्या तुटण्याआधीच थांबवून उभ्या कापल्या, तेव्हा मानेच्या मधोमध, बाहेरून काहीही दिसत नसताना, आत भेग तयार झालेली होती. लॅबमध्ये तुटलेली सळई हातात घेतलीत तर हेच दिसते. मधला भाग करडा आणि खडबडीत असतो, कडेला पंचेचाळीस अंशांत तिरकी कड असते. सुरुवात मधे होते, बाहेरची कड सगळ्यात शेवटी फाटते.

आता भेग आधीपासून आहे असे धरा. भार आला की तिचे टोक बोथट होते. तन्य धातूचा हा मोठा गुण आहे, कारण बोथट टोकाशी बरीच ऊर्जा खर्च होते. पण टोकाच्या थोडे पुढे, धातूच्या आत, ताण सर्वात जास्त असतो आणि तिथल्या पोकळ्या वेगाने फुगतात. फुगलेली पोकळी टोकाला येऊन मिळते, भेग एक पायरी पुढे सरकते, पुन्हा बोथट होते, पुन्हा पुढची पोकळी. म्हणून अशी भेग अडखळत पुढे जाते, आणि प्रत्येक पायरीला आधीपेक्षा जास्त जोर मागते. या अडखळण्यातच आपल्याला वेळ मिळतो.

पोकळी किती वेगाने फुगेल हे नुसत्या भारावर ठरत नाही. धातूला किती दिशांनी ओढ बसते, यावर ते जास्त अवलंबून असते. साध्या गुळगुळीत सळईला एकाच दिशेने ओढले तर बाजूचा धातू आत सरकायला मोकळा असतो. सळईला खोल खाच पाडली, तर खाचेजवळचा जाड, न ताणलेला धातू मधल्या धातूला आत सरकू देत नाही. मग तिथे तिन्ही दिशांनी ओढ निर्माण होते. राइस आणि ट्रेसी यांनी १९६९ मध्ये याचा हिशेब मांडला. त्यांच्या सूत्रानुसार, साध्या सळईत पोकळीच्या वाढीचा वेग १ धरला, तर मध्यम खोल खाचेत तो सुमारे पावणेतीन आणि जाड भागातल्या भेगेच्या टोकापुढे पंचवीसपट होतो. कायमचा ताण तेवढाच, धातू तोच, फक्त आजूबाजूचा बंदिस्तपणा वेगळा.

हे पटत नसेल तर जवळच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये एक प्रयोग करून घ्या. एकाच माइल्ड स्टीलच्या सळईचे दोन तुकडे घ्या. एकाला लेथवर मधोमध खोल व्ही-खाच पाडा, दुसरा खाचेच्या तळाएवढ्या व्यासाचा पण गुळगुळीत ठेवा. यूटीएमवर दोन्ही तोडा. खाचेचा तुकडा जास्त भार घेईल, कमी नाही. पण तो जवळजवळ न लांबता तुटेल. ‘भार तर पेलला, मग तुटला कसा’ असे शॉपमध्ये ऐकू येते, त्याचे उत्तर या दोन तुकड्यांत आहे. मजबुती टिकली, ताणून घेण्याची जागा संपली.

म्हणूनच बोगी तपासताना मोकळ्या सपाट पत्र्याकडे कमी आणि कोपऱ्यांकडे जास्त लक्ष द्यायचे. मालडब्यांखाली असणाऱ्या कॅस्नब बोगीच्या साइड फ्रेम आणि बोल्स्टर ओतीव पोलादाच्या असतात. बॉक्सएन वॅगनचा मूळ रचनेतला ॲक्सल लोड २०.३२ टन, म्हणजे चार ॲक्सलवर मिळून ८१ टनांहून जास्त वजन रुळावर उतरते, आणि त्यातले बहुतेक या ओतीव भागांतून जाते. साइड फ्रेमच्या खिडकीचे कोपरे, ॲक्सल बॉक्स बसतो तिथल्या जबड्याचा आतला गोलाकार, बोल्स्टरच्या पोटाकडची बाजू: जाड आणि पातळ भाग जिथे भेटतात, तिथेच ओतकामात पोकळ्या उरतात आणि तिथेच तिन्ही दिशांची ओढ असते. दोन्ही संकटे एकाच कोपऱ्यात एकत्र येतात. ट्रॉलीच्या हुकाचेही तसेच. हूक सहसा मधल्या गजात तुटत नाही, प्लेटला वेल्ड केलेल्या मुळाशी तुटतो.

पोकळ्यांचे प्रमाण किती महत्त्वाचे, हे गर्सन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्रातून कळते. घट्ट, पोकळीविरहित धातूला सगळ्या बाजूंनी सारखे ओढले तर त्याचा आकार कायमचा बदलतच नाही, तो फक्त किंचित मोठा होतो आणि भार गेला की परत येतो. पण धातूत पोकळ्या असतील तर या सगळ्या बाजूंच्या ओढीनेही तो कायमचा फुगू लागतो. गर्सनच्या सूत्राने, आकारमानाच्या १ टक्का पोकळ्या असतील तर ही मर्यादा धातूच्या नेहमीच्या यील्ड स्ट्रेंथच्या सुमारे तिप्पट येते, ५ टक्के असतील तर दुप्पट. भेगेच्या टोकापुढे तिन्ही दिशांची ओढ यील्ड स्ट्रेंथच्या अडीच-तीनपट जाते. म्हणजे १ टक्का पोकळ्यांचा धातू भेगेपुढे अगदी काठावर उभा असतो आणि ५ टक्क्यांचा काठाच्या पलीकडे. साध्या ताणाच्या चाचणीत या दोन धातूंची मजबुती फारशी वेगळी वाटणार नाही. टेन्साइलचे सर्टिफिकेट बरोबर आहे म्हणून कोपऱ्यातली पोरोसिटी माफ का करायची नाही, हे या आकड्यांत आहे. पोकळ्या जुळायला लागल्या की पुढचे काम झपाट्याने होते. नीडलमन आणि त्व्हेरगार्ड यांनी १९८४ मध्ये आपल्या गणितात ही वेळ १५ टक्के पोकळीला धरली होती. तेव्हाही ८५ टक्के धातू जागेवर असतो. किती धातू कमी झाला यापेक्षा उरलेल्या भिंती किती जवळ आल्या यावर तुकडा टिकतो.

कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट. एसजी आयर्नमधला ग्राफाइट गोल गाठींच्या रूपात असतो आणि तो आकारमानाच्या दहा टक्क्यांच्या आसपास जातो. ओढ लागली की भोवतीचा धातू या गाठींपासून लवकर सुटतो, म्हणजे पोकळ्या जणू जन्मापासूनच तयार. तरीही एसजी आयर्न तन्य राहते, कारण गाठी गोल आणि एकमेकींपासून सारख्या अंतरावर असतात. गाठी गोल करणाऱ्या मॅग्नेशियमचा परिणाम ओतण्याआधी उतरला आणि गाठी बिघडल्या, की तीच तन्यता गायब होते. म्हणून लॅडलमधला वेळ पाळणे हे मायक्रोस्कोपखाली गाठी मोजण्याइतकेच महत्त्वाचे.

आता शीर्षकातल्या गोष्टीकडे. जाड भागात मधल्या थरात धातू सर्वात बंदिस्त असतो, पृष्ठभागाला तो मोकळा असतो. म्हणून भेग मधे आधी पुढे जाते आणि पृष्ठभागावर मागे राहते. बाहेरून २० मिलिमीटर दिसणारी भेग आत त्याहून पुढे गेलेली असण्याची शक्यता जास्त. डाय पेनिट्रंट फक्त पृष्ठभागाला उघडी असलेली भेग दाखवते. त्यावर विसंबून भेगेच्या टोकाला स्टॉप होल पाडले आणि ते भोक आतल्या टोकाच्या मागे पडले, तर भोकाचा उपयोग शून्य. साधा उपाय असा: भोक पाडल्यावर ते साफ करा आणि भोकाच्या आतल्या भिंतीला पेनिट्रंट लावा. पुढच्या बाजूच्या भिंतीवर लाल रेघ उमटली तर भेग भोक ओलांडून गेली आहे. पुढे सरकून पुन्हा पाडा, पुन्हा बघा. भिंत स्वच्छ दिसेपर्यंत. पेनिट्रंट लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, थंडीच्या सकाळी जास्त थांबा, कारण गार धातूत द्रव सावकाश शिरतो. आणि तपासणीआधी त्या जागेवर ग्राइंडर किंवा शॉट ब्लास्ट जोरात चालवू नका. तन्य धातू पसरतो आणि भेगेचे तोंड लिंपून टाकतो, मग पेनिट्रंटला आत जायला वाटच उरत नाही. स्टॉप होल हा तात्पुरता उपाय आहे, दुरुस्ती पूर्ण होईपर्यंतचा. रेल्वेच्या बोगीवर तर तो स्वतःच्या मनाने करायचाच नाही. तिथे आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या लेखी सूचना चालतात, आणि कुठली भेग वेल्ड करायची, कुठला भाग भंगारात टाकायचा हे त्या सूचनांनीच ठरते.

ट्रॉलीचा हूक, साटा, चेसिस यांच्या वेल्डिंगबाबत मात्र निर्णय तुमचा असतो, म्हणून जरा सविस्तर. भेगेवरून वेल्डचा थर चढवून ती झाकली तर आतली भेग तशीच राहते आणि वरच्या नव्या धातूखालून पुढे वाढते. भेग तळापर्यंत गाउजिंगने किंवा ग्राइंडरने काढा, शेवटचा हात हलका ठेवा म्हणजे भेगेचे तोंड लिंपले जाणार नाही, खाच उघडी झाली की पेनिट्रंट मारा, रेघ राहिलेली असेल तर आणखी काढा. रॉड लो हायड्रोजन वापरा, म्हणजे ७०१८. हा रॉड ओल धरतो. ओल्या रॉडने वेल्डमध्ये वायूचे बुडबुडे अडकतात आणि हायड्रोजन आत जातो. मग तुम्ही भेग बुजवून तिथे नव्या पोकळ्या पेरता. पाकिटावर दिलेल्या तापमानाला रॉड ओव्हनमध्ये भाजा आणि काम होईपर्यंत गरम क्विव्हरमध्ये ठेवा. झाशीच्या पावसाळ्यात उघडे पाकीट रात्रभर टेबलावर राहिले की सकाळी ते नव्याने भाजल्याशिवाय वापरू नये. गंज, तेल, रंग, जस्ताचा मुलामा, सगळे घासून काढा. बीडची सुरुवात आणि शेवट इथे पोरोसिटी जास्त असते, म्हणून सुरुवात-शेवट कोपऱ्यावर येऊ देऊ नका. कोपरा वळसा घालून एका दमात पार करा. शेवटी वेल्डची कड ग्राइंड करून मूळ धातूत अलगद मिसळवा, ओरखडे भाराच्या दिशेने राहतील असे.

वाकलेला भाग थंडच ठोकून सरळ करण्याची सवय फार आहे. वाकताना बाहेरच्या बाजूला जो ताण बसला, त्याने पोकळ्या तयार झाल्या. सरळ करताना त्याच जागेला दाब बसतो, पोकळ्या मिटल्यासारख्या होतात. पण सुटलेले कण पुन्हा धातूला चिकटत नाहीत. पुढच्या भाराला त्या लगेच उघडतात. एकदा वाकून सरळ केलेल्या भागाला नव्यासारखी तन्यता नाही असे धरून चाला. जीव ज्यावर अवलंबून आहे असा हूक, पिन, स्टिअरिंगचा भाग सरळ करू नका, बदला.

क्रशरच्या जॉ प्लेटचे नियम वेगळे आहेत, आणि तिथे नेहमीचे शहाणपण उलटे पडते. ही प्लेट मँगनीज स्टीलची असते, रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेली, सुमारे १.२ टक्के कार्बन आणि १२ टक्के मँगनीज असलेली. ती अतिशय तन्य असते आणि दगडाच्या माराने वरचा थर कडक होत जातो. पण ही तन्यता उष्णोपचारावर टिकून असते: साधारण १०५० अंशांना तापवून पाण्यात झटकन थंड करणे. प्लेट फार जाड असेल तर मधला भाग सावकाश थंड होतो, धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर कार्बाइड बसते आणि मध्य ठिसूळ राहतो. वेल्डिंगमध्येही हाच धोका. साध्या पोलादाला आधी तापवतात तशी ही प्लेट तापवू नका. छोटे छोटे बीड मारा, मधे थांबा, बीडजवळचा धातू फार तापू देऊ नका. तिला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी इथे निरुपयोगी. स्फटिककण मोठे असल्याने अल्ट्रासॉनिकही नीट वाचता येत नाही. राहते पेनिट्रंट आणि हातोडी. प्लेट टांगून हलके ठोका. चांगली प्लेट लांब वाजते, भेगेची भद्द आवाज करते. जुने रेल्वे कर्मचारी चाके अशीच वाजवून बघत, आणि त्या कानाचा उपयोग आजही आहे.

एखादा भाग तुटलाच, तर तुटलेली तोंडे हाच सर्वात मोठा पुरावा. दोन तुकडे एकमेकांना लावून ‘बसतात का’ हे बघू नका, त्याने पृष्ठभागावरची खूण चिरडून जाते. वायर ब्रश मारू नका. कोरडे करून पातळ तेल लावा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. मग उजेडात बघा. करडा, तंतुमय, कडेला तिरका भाग असेल तर जास्त भाराने फाटले. गुळगुळीत पृष्ठभागावर एकाभोवती एक वळत गेलेल्या रेघा असतील तर ती फटिगची भेग, लाखो वेळा आलेल्या लहान भाराने वाढलेली, आणि रेघांचे केंद्र हीच सुरुवातीची जागा. बोग्यांमध्ये सुरुवात बहुधा फटिगने होते आणि शेवटचा भाग फाटतो. चमकदार, साखरेसारखा दाणेदार, सपाट भाग म्हणजे धातू त्या वेळी ठिसूळ वागला. ओतीव पोलाद उन्हाळ्यात तन्य असून डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ठिसूळ वागू शकते. झाशीत पारा उन्हाळ्यात ४५च्या वर आणि थंडीत कधी कधी एक आकडी असतो, त्यामुळे खरेदीच्या वेळी शार्पी चाचणी कमी तापमानाला मागितलेली बरी. सुरुवातीच्या जागी फांद्याफांद्यांचे लहान उंचवटे दिसले तर ओतकामात राहिलेली आकुंचनाची पोकळी. गोल, गुळगुळीत खळगे दिसले तर वायूची. पृष्ठभाग निळा-काळा असेल तर ती भेग धातू तापवण्याआधीच तिथे होती, आणि दोष बहुधा वापरणाऱ्याचा नाही, बनवणाऱ्याचा.

म्हणून कास्टिंग विकत घेताना थोडा आग्रह धरा. राइझर कुठे ठेवला, जाड जोडावर चिल लावली का, हे विचारा. पहिल्या लॉटमधला एक नग कापायला सांगा, तोही जाड-पातळ भाग जिथे मिळतात तिथेच. फाउंड्री नाखूश असेल, पण एक नग गेल्याने तिचे काही बिघडत नाही.

एक्स-रे परवडत नसेल तर घनता मोजा. कापलेल्या जाड भागातून हातात मावेल एवढा तुकडा घ्या. ०.१ ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाट्यावर हवेत वजन घ्या, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून वजन घ्या. पाण्यात एक थेंब साबण टाका म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा. ७८५ ग्रॅमचा तुकडा पाण्यात ६८५ भरला तर घनता ७.८५. तेवढ्याच आकाराचा तुकडा हवेत ७७७ आणि पाण्यात ६७७ भरला तर ७.७७, म्हणजे जवळजवळ १ टक्का बंद पोकळ्या. तुलना नेहमी त्याच ग्रेडच्या, त्याच कास्टिंगच्या पातळ आणि निर्दोष भागातल्या तुकड्याशी करा, पुस्तकातल्या आकड्याशी नको, कारण मिश्रधातूनुसार घनता थोडी बदलते. पृष्ठभागाला उघड्या पोकळ्यांत पाणी शिरते, त्या या मोजणीत येत नाहीत. त्या डोळ्यांनी आणि पेनिट्रंटने पाहायच्या. कोपऱ्यातल्या तुकड्यात १ टक्का दिसला तर तो लॉट परत पाठवा. सपाट, कमी ताणाच्या भागात तेवढाच दिसला तर फाउंड्रीशी बोलून राइझरची जागा बदलून घ्या आणि पुढच्या लॉटचा तुकडा पुन्हा मोजा.